ढकला की ओढा?

मराठीच्या प्राध्यापकाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणे येते ते वर्षातून दोनदा. एकदा फेब्रुवारीच्या अखेरीस, मराठी भाषेचा गौरव करायचा असतो म्हणून. आणि दुसऱ्यांदा केव्हाही, खरा पाहुणा ऐन वेळी आला नाही म्हणून! गेल्या वर्षी या दुसऱ्या जातीचे एक बोलावणे मला जळगावातल्या एका नव्या सभागृहातून आले. मी परीटघडीचा सदरा चढवला, भाषणाचे चार मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवून खिशात घातले आणि वेळेवर हजर झालो. मागे संयोजक, त्यांच्या मागे पुष्पगुच्छ घेतलेल्या दोन मुली, पुढे मी, आणि माझ्यापुढे सभागृहाचा काचेचा दरवाजा.

दरवाज्याला हातभर लांबीची एक चकचकीत पोलादी दांडी होती. दांडी दिसली की माणूस ती धरतो आणि धरली की ओढतो. त्यात विचार करण्याजोगे काही नाही. मी ओढली. दरवाजा ढिम्म. काचेवर इंग्रजी अक्षरे होती. ती आतल्या लोकांसाठी लिहिलेली असल्यामुळे मला उलटी दिसत होती; तरी विद्वत्ता पणाला लावून मी ती वाचली. शब्द होता 'पुल', म्हणजे ओढा. मी दुप्पट उत्साहाने ओढू लागलो. आत जमलेले दोन-अडीचशे श्रोते माझी ही कुस्ती काचेतून शांतपणे पाहत होते. शेवटी एका शिपायाला माझी दया आली. "सर, ढकला," तो म्हणाला. मी ढकलले, आणि इतका वेळ साठवलेल्या जोरासकट जवळजवळ पहिल्या रांगेत जाऊन पडलो.

भाषण कसे झाले ते विचारू नका. घरी आल्यावर पत्नीला म्हणालो, "अगं, मी मूर्खासारखा ओढतच होतो." ती शाळेत गणित शिकवते. वह्या तपासता तपासता मान वर न करता ती म्हणाली, "दार मूर्ख होतं, असं का नाही म्हणत?"

खरेच, असे आपण का म्हणत नाही?

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की माझ्यासारख्या फजीत झालेल्यांचा एक मोठा कैवारी अमेरिकेत आहे. डोनाल्ड नॉर्मन हे त्यांचे नाव. धंद्याने मानसशास्त्रज्ञ. हे गृहस्थ काही काळ इंग्लंडात केंब्रिजला राहिले होते. तिथले नळ, तिथली दिव्यांची बटने आणि तिथली दारे यांच्याशी झटापट करून ते इतके वैतागले की १९८८ साली त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक अख्खे पुस्तकच लिहून काढले. ढकलावे की ओढावे हे ज्याच्याकडे पाहून कळत नाही, अशा दाराला जगभर आता 'नॉर्मनचे दार' असेच म्हणतात. बिचाऱ्यांनी तक्रार केली आणि दार त्यांच्याच नावावर चढले! पण त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. वस्तू नीट चालली नाही की माणूस वस्तूला दोष देत नाही, स्वतःला देतो. आणि लाज वाटते म्हणून कोणापाशी बोलतही नाही. जो तो गप्प, म्हणून वस्तू करणाऱ्याला वाटते की सारे ठीक चालले आहे.

दाराची ही थट्टा नेहमीच थट्टा राहते असेही नाही. १९०३ सालच्या डिसेंबरात शिकागो शहरातल्या इरोक्वाय नाटकगृहाला आग लागली आणि सहाशेंहून अधिक माणसे मेली. त्या इमारतीतली काही दारे आतल्या बाजूला उघडणारी होती. मागून लोटणाऱ्या गर्दीपुढे ती उघडणार कशी? काहींच्या कड्या अशा चमत्कारिक की त्या कशा काढायच्या हे सामान्य प्रेक्षकाला ठाऊकच नव्हते. पुढे अंगाचा भार पडताच बाहेर उघडणारी आडव्या दांडीची दारे निघाली, ती अशाच अनुभवांतून. आपल्याकडे सिनेमागृहाच्या बाहेर पडायच्या दाराला ती आडवी दांडी दिसली की मी हल्ली तिला मनातल्या मनात नमस्कार करतो.

एकदा डोळे असे उघडले की मग मात्र शांतता नाही. माझ्या वर्गात पंखे सहा, दिवे आठ आणि भिंतीवर एका ओळीत चौदा बटने. कोणते बटन कोणाचे, हे ज्या वायरमनने ती बसवली त्यालाच माहीत. आणि तो आता नाशिकला असतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला असताना समोरच्या बाकावरची मुलगी घेरी येऊन कलंडते, मी पंखा लावायला धावतो आणि फळ्यावरचा दिवा लागतो! सॉसच्या पुडीवर 'येथे फाडा' असे लिहिलेले असते, आणि ती नेमकी तिथे सोडून कुठेही फाटते. लॉजच्या न्हाणीघरात एकच दांडा असतो; तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरतो, आणि खालच्या नळाला पाणी येईल या भरवशावर वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर वरून गार धार सोडतो. वाचकहो, ही यादी तुम्हीच पुरी करा. तुमची माझ्याहून लांब भरेल याविषयी मला शंका नाही.

अलीकडे या विषयाला 'वापरसुलभता' असा एक भारदस्त शब्द निघाला आहे. शब्द वाईट नाही. पण तो उच्चारायलाच वापरसुलभ नाही, त्याला काय करावे? आपल्या भाषेत 'सोय' हा दोन अक्षरांचा शब्द पिढ्यान् पिढ्या हे काम करीत आला आहे. पाहुण्याची सोय, गुरांची सोय, पाण्याची सोय. आणि हा शब्द असा की त्यात कोणाची तरी सोय पाहावी लागते. नुसती, कोणाचीच नसलेली सोय संभवत नाही. जळगावात हल्ली डोक्यापासून पायापर्यंत काच लावलेल्या इमारती उठताहेत, त्यांच्याकडे पाहून मला नेहमी प्रश्न पडतो की ही सोय कोणाची? लंडनच्या ढगाळ हवेत सूर्याला घरात बोलवावे लागत असेल. खानदेशात तो न बोलावता येतो. आत थंडाव्याची यंत्रे चोवीस तास घरघरतात, आणि वीज गेली की साहेबांपासून शिपायापर्यंत सारे बाहेरच्या लिंबाखाली येतात. माझ्या आजोळचे घर धाब्याचे होते. मातीच्या जाड भिंती, सपाट मातीचे छत, इवल्या खिडक्या. दुपारी आत गारवा, आणि रात्री छतावर अंथरुणे. ते घर बांधणाऱ्याने आराखडा काढला नव्हता. पण त्यात त्याला स्वतःला झोपायचे होते.

ते आजोळ धुळ्याकडे, पांझरेच्या काठी. पांझरेचे नाव निघाले म्हणजे फडाची गोष्ट टाळता येत नाही. नदीला जागोजाग बंधारे, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडलेले, तेच फड. एका फडात साऱ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचे, आणि पुढल्या साली फेर बदलायचा. त्यामुळे एकाच्या उसाचे पाणी दुसऱ्याच्या ज्वारीत जात नाही आणि भांडण लागत नाही. पाणी सोडायचे ते पाटकऱ्याने. मालकाने दाऱ्याला हात लावायचा नाही. शेकडो वर्षे ही व्यवस्था इथे चालली. आता नद्यांवर धरणे झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, आणि फड पूर्वीसारखे राहिले नाहीत. मी काही जुने तेवढे सोने म्हणणाऱ्यांतला नव्हे. पाटावरच्या हाणामाऱ्यांच्या गोष्टीही मी ऐकल्या आहेत. पण ज्यांनी ती व्यवस्था बसवली त्यांचेच शेत त्या पाटाखाली होते, एवढे मात्र खरे.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहायला बसलो तिथे येतो.

माझी आई धुळ्याला धाकट्या भावाकडे असते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. रक्कम मोठी नाही. पण ती तिची स्वतःची आहे, आणि त्यातून नातवंडांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवताना तिचा चेहरा पाहण्यासारखा असतो. या वेतनाची एकच अट आहे. दर नोव्हेंबरात, म्हणजे बहुधा दिवाळीच्या आगेमागे, आपण हयात आहोत असा दाखला द्यायचा. पूर्वी हा दाखला कागदावरच होत असे. २०१४ पासून बोटाच्या ठशावर, आणि २०२१ पासून फोनसमोर चेहरा धरूनही तो देण्याची सोय झाली. ज्यांना बँकेपर्यंत चालवत नाही अशा लाखो म्हाताऱ्यांना तिचा उपयोग होतो, हे मी आधीच कबूल करतो.

गेल्या नोव्हेंबरात मी धुळ्याला गेलो तेव्हा आई नेहमीसारखी दारात आली नाही. आत बसून होती. भावाने सांगितले, ती जवळच्या एका केंद्रावर तीन वेळा जाऊन आली, तिन्ही वेळा काम झाले नाही, आणि आता जायचेच नाही म्हणते.

"काय झालं, आई?"

तिने उजवा हात पुढे केला, एखादा गुन्हा कबूल करावा तसा. "नाना, मना आंगठाच खोटा निंघना."

मी त्या अंगठ्याकडे पाहिले. चाळीस वर्षे तिने याच हातांनी निंदणी केली, कापूस वेचला. कापसाची बोंडे दिसतात मऊ; त्यांच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके सुईसारखी असतात. त्यातच चूल, शेण, राखेची भांडी. त्या अंगठ्यावरच्या रेघा झिजून तो नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला आहे. वयामुळे कातडी सुकते, सैल पडते, ते वेगळेच. असे हात खानदेशात घरोघर आहेत.

"खोटा कसा असेल, आई? तुझाच ना तो?"

"मशीन काय खोटं बोलस का?" ती म्हणाली. मग थोडा वेळ थांबून, खाली पाहत, "पोरगा म्हने, आजी, सिद्ध होत नाही. मी त्याना समोरच बशेल व्हती."

जिवंत बाई समोर बसलेली, आणि ती जिवंत आहे हे सिद्ध होत नाही! मला हसू आले आणि पुढच्याच क्षणी घशात काही तरी अडकले. कारण आई हसत नव्हती. तिने ते मान्य केले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या केंद्रावर एकटाच गेलो. मुलगा वाईट नव्हता. चांगला विनयी होता, दिवसाला शंभर माणसांना तोंड देत होता. पण त्याच्या यंत्राची काच हळदी-कुंकवाने आणि तेलाने माखलेली होती. दहाही बोटांचे ठसे नोंदलेले असतात आणि अंगठा चालला नाही तर दुसरे बोट चालते, हे त्याला माहीत होते. पण गर्दीत तेवढा वेळ नव्हता. कागदावरचा दाखला अजून चालतो, हेही कोणी आईला सांगितले नव्हते. "यंत्र काय दाखवतं?" मी विचारले. पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येई, त्याचे मराठी तो करून सांगे : "आजी, तुमचा अंगठा जुळत नाही."

मी वीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे. "तुमचा अंगठा जुळत नाही" या वाक्यातला कर्ता कोण? अंगठा. म्हणजे न जुळण्याचे कृत्य अंगठ्याने केले. काचेवर मळ आहे, यंत्र स्वस्तातले आहे, झिजलेल्या बोटांचा विचार करणारा कोणी ते बनवताना हजर नव्हता, हे सारे त्या वाक्यातून गळून पडले आणि उरला एक गुन्हेगार अंगठा. तेच यंत्र जर म्हणाले असते, "मला तुमचा ठसा वाचता आला नाही, दुसरं बोट ठेवता का?" तर माझी आई म्हणाली असती, ठेवते बापा! आपण साधी माणसे एकमेकांशी असेच बोलतो. समोरचा पुटपुटला तरी आपण 'तुम्ही नीट बोलला नाहीत' म्हणत नाही. 'मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगता का?' असे म्हणतो. दोष आपल्या कानावर घेतो. एवढी रीत यंत्राला शिकवायला काही कोटी रुपये लागत नाहीत.

बोटाच्या ठशाची ही कथा तशी आपल्याच देशात सुरू झाली. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताच्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. का, तर पुढे त्याने 'ही सही माझी नव्हे' म्हणू नये म्हणून. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली, आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोघा हिंदी माणसांनी ठशांचे वर्गीकरण बसवण्यात मोठे काम केले. म्हणजे अंगठ्याचा जन्मच मुळी संशयातून झालेला. आणि योगायोग पाहा, आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो आमच्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी; पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी तिथे आले होते. शेतमजुरांच्या, झिजलेल्या हातांच्या मुलुखातून ज्या गोष्टीची सुरुवात झाली, तिला तरी झिजलेला हात अनोळखी वाटू नये.

जुन्या मोडी कागदांवर लिहिता न येणाऱ्या कुणब्याच्या नावापुढे 'निशाणी नांगर' असे लिहून नांगराचे छोटे चित्र काढलेले आढळते. बाईची निशाणी बांगडी. ज्याचे जे हत्यार, जे भूषण, तीच त्याची सही. पहिल्यांदा असा कागद हाती आला तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि मला ती गंमत वाटली होती. आता वाटते, नांगर धरून धरून नांगराची निशाणी पुसली जात नाही, हे त्या लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला कळत होते. ते कागद काही न्यायाचा नमुना नव्हेत, कुणब्याला बुडवणारेही त्यांत पुष्कळ. पण निशाणी तेवढी सोयीची होती.

असो. दुसऱ्यांच्या यंत्रांवर इतके बोलल्यावर एक कबुली देणे भाग आहे.

त्याच हिवाळ्यात मी द्वितीय वर्षाची चाचणी परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका मीच काढली, मीच छापून घेतली. चार प्रश्न पुढच्या पानावर बसले आणि पाचवा मागे गेला. वर ठळक अक्षरांत 'प्रश्नपत्रिका काळजीपूर्वक वाचावी' अशी सूचना मी घातली होती. 'मागे पहा' एवढे दोन शब्द घालायचे राहिले. चाळीस मुलांपैकी अकरा जणांनी पाचवा प्रश्न सोडवला नाही. मी वर्गात त्यांना चांगले फैलावर घेतले. बेफिकिरी, मोबाइल, हल्लीची पिढी, सारे काढले. तास संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. सातपुड्यातल्या पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा, माझ्या विषयातला माझा सर्वांत मेहनती विद्यार्थी. तो म्हणाला, "सर, चूक माझीच. मी पान उलटून पाहिलं नाही."

तो हात मागे बांधून उभा होता. पण मला आईने पुढे केलेला हात दिसला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात जाऊन सांगितले की चूक माझी होती. अकरा जणांना पाचवा प्रश्न पुन्हा दिला. मुले एकमेकांकडे पाहू लागली. सरांची तब्येत बरी नसावी असे काहींना वाटले. त्या मुलाने उत्तर सुरेख लिहिले. तेव्हापासून मी प्रश्नपत्रिका काढली की आधी ती पत्नीला देतो आणि ती कुठे अडखळते ते गप्प बसून पाहतो. गप्प बसणे हा त्यातला सर्वांत कठीण भाग आहे.

आईचे काय झाले ते राहिलेच. मी तिला कागदी दाखला भरायला म्हणून बाहेर काढले. ती यायला तयार नव्हती. "तठे पुन्हा सगळासमोर नही म्हनतीन," एवढेच म्हणत होती. पण वाटेत भावाच्या ओळखीच्या एका तरुणाचे दुकान लागले. तो म्हणाला, "काकू, अंगठा राहू द्या, नुसता चेहरा दाखवा." त्याने फोन तिच्यासमोर धरला. आईने पदर सारखा केला, फोटो काढताना बसतात तशी ताठ बसली आणि डोळे विस्फारून फोनकडे एकटक पाहू लागली. फोन काही हलेना. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना झळकत होती.

"काकू, तो डोळे मिचकवायला सांगतोय. जिवंत माणूस आहे का फोटो, ते बघतो."

आईने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"या वयमा मी मशीनले डोळा मारू का?"

दुकानातली चार माणसे हसली, तो तरुण हसला, आणि मग आईही तोंडाला पदर लावून अशी हसली की डोळे आपोआप मिटले आणि उघडले. फोनने तेवढ्यात काम उरकून घेतले. घरी परतताना तिने फुलबाज्यांच्या गाडीपाशी मला थांबवले, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि नातवंडांसाठी चार पुडे घेतले. पैसे मी देऊ लागलो तर तिने माझा हात बाजूला सारला.